गिझर बारीकवर

माझ्या घरमालकांना स्वस्थ बसलेलं मी पाहिलं नव्हतं. चहा ते उभ्याने पीत, पेपर दाराच्या चौकटीला टेकून वाचत. जेवायला काकूंच्या धाकाने पाटावर बसत, पण एक गुडघा कायम उभा. हाक आली तर उठायला वेळ जाऊ नये म्हणून. हाक मारणारं कुणी नव्हतं. कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना काही वर्षं झाली होती.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. मी एका दैनिकात बातमीदार होतो आणि पुंडलिकनगरात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खाली ते दोघंच. लेक लग्न होऊन हैदराबादला गेलेली. मी त्यांना काका आणि काकू म्हणत असे. ते मला नावाने कधी हाक मारत नसत. "ओ पत्रकार" एवढंच. काकू "दादा" म्हणत.

काकांनी उभी नोकरी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात भट्टीवर केली होती. लोखंडाचे सुटे भाग तापवून कडक करायची ती विजेवरची भट्टी होती. तिचा एक नियम त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितला. साप्ताहिक सुट्टी असो, दिवाळी असो, भट्टी बंद करायची नाही. तापमान खाली आणायचं आणि तिथे धरून ठेवायचं. सुट्टी संपली की पुन्हा वर न्यायचं.

"भट्टी निजवायची, मारायची नाय," ते म्हणत. "निजलेल्या माणसाला उठवाय काय लागतंय? एक हाक. मेलेल्याला उठवा बरं!"

हे वाक्य ते भट्टीपुरतं ठेवत नसत. रेल्वे फाटक पडलं तरी त्यांची स्कूटर सुरूच असे. पुढचे मागचे लोक धुराने वैतागले तरी ते किल्ली फिरवत नसत. सकाळी दूध एकदा उकळलं की मंद आचेवरच राही. कुणी आलं तर चहाला उशीर नको. उन्हाळ्यात बाहेर जाताना कूलरचा पंखा बंद न करता हळू करून ठेवत. काकू मागे वळून सगळं बंद करत येत आणि ते त्यांच्या मागे पुन्हा सुरू करत येत. दोघांना घरातून निघायला लागणारा वेळ या एका कारणाने इतरांच्या दुप्पट होता.

सगळ्यांत मोठा वाद गिझरचा. न्हाणीघराच्या भिंतीवर टाकीचा गिझर होता. खाली फिरवायचा नॉब, शेजारी लाल दिवा. हिवाळ्यात तो दिवसभर चालू. घरात कुणी नसलं तरी काका नॉब बारीकवर आणून ठेवत. बंद केलेला गिझर परत तापवायला जास्त वीज खातो, आणि कोमट ठेवलेला कमी, हा त्यांचा सिद्धांत.

"सरकारच रोज बंद करतंय की," काकू म्हणत. त्या काळात लोडशेडिंग रोजचं होतं.

"ते सरकारचं पाप. आपल्या हातानं करू नाय."

"फुटक्या घागरीत दिवसभर पाणी ओतत बसायचं, का घरी आल्यावर एकदाच भरायची? सांगा बरं."

"घागर येगळी, गिझर येगळा."

"व्हय. घागरीला सवतीचा मान नसतो."

कारखान्यातल्या भट्टीला काकू लग्नापासून सवत म्हणत आल्या होत्या. सणावाराला, दुसरे कामगार गावी जात तेव्हा, भट्टीपाशी थांबायला काका आपणहून हात वर करत. दोघं मिळून घराबाहेर एक रात्रही राहिलेले नव्हते. काकूंच्या माहेरच्या लग्नांना काकू एकट्या गेल्या. निवृत्तीनंतर हे बदलेल असं त्यांनी धरलं होतं. सवत कारखान्यात राहिली आणि तिची धाकटी बहीण न्हाणीघरात आली, असं त्या एकदा मला जिन्यात म्हणाल्या. हसल्या नाहीत.

फर्दापूरचा प्रसंग मी स्वतः पाहिला. तिथली लेणी जिल्ह्यातच, घरापासून काही तासांवर, आणि काकूंनी ती पाहिलेली नव्हती. फर्दापूरच्या दुकानदारांवर एक बातमी करायला मला तिकडे जायचं होतं. काकूंनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी धपाटे, लसणाची चटणी बांधून दोघं माझ्याबरोबर बसस्थानकावर आले. एसटीत काका खिडकीशी बसले, म्हणजे सीटच्या कडेला टेकले. सिल्लोडला गाडी थांबली तेव्हा ते खाली उतरले, दोनदा गाडीभोवती फिरले आणि परत आले. पुढे त्यांनी काकूंना विचारलं,

"नॉब मी बारीकवर आणला का गं?"

"आणला."

"तू बघितलं?"

"मी कशाला बघू? तुमचं तुम्ही बघता."

"म्हंजे बघितलं नाय."

फर्दापूरच्या फाट्यावर उतरलो. लेण्यांकडे जायची बस समोर उभी होती, लोक चढत होते. काका तिच्याकडे पाठ करून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला गेले. तिथे शहराकडे जाणारी काळीपिवळी जीप भरत होती.

"फुलवर राह्यला असंल तर पाणी दिवसभर उकळंल," ते म्हणाले. "तुम्ही बघून या. पत्रकार हायेत संगं."

"अहो, दारात आलोय," काकू म्हणाल्या.

"दारातूनच जातो म्हणून. आत गेल्यावर अर्ध्यातनं कसं यायचं?"

जीप निघून गेली. काकूंनी धपाट्यांचा डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"जाऊ द्या, दादा. बायको हाताशी नसली तरी चालंल, नॉब हाताला लागला पायजे."

लेण्यांत त्या सावकाश फिरल्या. चित्रांपेक्षा दगडाकडे जास्त पाहत होत्या. एका मोठ्या अंधाऱ्या लेण्यात खांबाला हात लावायला गेल्या, रखवालदाराने हटकलं, हात मागे घेतला. बाहेर आल्यावर पायरीवर बसून म्हणाल्या,

"एवढं खोदलं, रंगवलं, न् सोडून गेले बघा. काय चालू राह्यलं का ते बघाय कुणी माघारी आलं नाय."

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा काका फाटकातच उभे होते. चेहऱ्यावर समाधान होतं.

"बारीकवरच होता!" ते म्हणाले.

काकू त्यांच्या बाजूने आत गेल्या आणि डबा घासायला घेतला. त्या दिवसापासून त्या घरात "फर्दापूर" हा शब्द गावाचं नाव राहिला नाही. काका बाजाराला निघून कोपऱ्यावरून परत आले की काकू म्हणत, "झालं फर्दापूर?" शेजारच्या बायकाही म्हणू लागल्या.

याच सुमारास मी पेपरात वीजबचतीवर एक छोटा मजकूर लिहिला. घराबाहेर जाताना गिझर बंद करावा, असं त्यात एक वाक्य होतं. सकाळी काका पेपरची घडी घेऊन जिना चढून आले. त्या वाक्यावर बोट होतं.

"हे कोण म्हणलं?"

"वीजवाले म्हणतात. कॉलेजात विज्ञान शिकवणारेही म्हणतात."

"कुणी करून बघितलं का? तुम्ही बघितलं?"

मी पाहिलं नव्हतं. मी तसं सांगितलं. पाणी जितकं गरम, तितकी उष्णता टाकीच्या पत्र्यातून जास्त बाहेर जाते. गार पडत गेलं की गळतीही कमी होत जाते. म्हणून घरी आल्यावर एकदा तापवायला लागणारी वीज ही दिवसभर धरून ठेवण्यापेक्षा कमीच असते, हे मी विचारून लिहिलं होतं. ते त्यांना सांगितलं.

"पुस्तकातलं झालं हे. मी भट्टीवर होतो."

जिन्याच्या खालच्या पायरीवरून काकूंचा आवाज आला. त्या कधी आल्या हे आम्हा दोघांना कळलं नव्हतं.

"मग करूनच बघा की. दादांच्या समोर."

लेकीचं दुसरं बाळंतपण जवळ आलं होतं. पहिलं इथेच झालं होतं. या वेळी तिने दोघांना हैदराबादला बोलावलं होतं, दोघांना म्हणजे दोघांना. काकांचं उत्तर ठरलेलं होतं: तू जा, मी घर बघतो. काकूंनी त्या सकाळी पायरीवरून अट घातली. बंद ठेवल्याने वीज कमी लागली असं निघालं, तर काकांनी सगळं बंद करून, कुलूप लावून त्यांच्याबरोबर यायचं आणि बारसं होईपर्यंत राहायचं. जास्त लागली असं निघालं, तर त्या गिझरबद्दल पुन्हा एक शब्द बोलणार नाहीत.

"आणि कबूल करून मधूनच फर्दापूर केलं," त्या म्हणाल्या, "तर मी लेकीकडंच राहीन. परत यायची वाट बघू नका. थट्टा नाय करत मी."

काकांनी घडी केलेला पेपर आणखी एकदा घडी केला.

"कबूल," ते म्हणाले.

चाचणी त्यांनी स्वतः आखली, आणि ती निर्दोष आखली हे मला नमूद केलं पाहिजे. गुरुवार ते गुरुवार. लोडशेडिंगचे तास वारानुसार बदलत, म्हणून वार एकच हवा. दोन्ही दिवशी गिझर सोडून घरातलं बाकी सगळं बंद. दोन्ही दिवशी सकाळी पाणी फुल तापलेलं आणि संध्याकाळी पुन्हा तेवढंच तापवायचं. पहिल्या गुरुवारी नॉब बारीकवर, दुसऱ्या गुरुवारी बंद. मीटर मी वाचायचं, कारण मी कुणाच्याच बाजूचा नाही, असं दोघांचं मत पडलं. आणि दिवसभर घरात कुणी थांबायचं नाही. ही शेवटची अट काकूंची.

गुरुवार हा छावणीच्या बाजाराचा दिवस. दोन्ही गुरुवारी काकू त्यांना तिकडे घेऊन गेल्या. पहिला बरा गेला म्हणे. दुसऱ्या गुरुवारी गिझर बंद होता, त्यामुळे काकांचे पाय बाजारात टिकेनात. काकू बांगड्या भरायला बसल्या तर हे समोरून जात, परत येत. शेवटी बांगडीवाला वैतागला.

"चाचा, गाडी छूट री क्या? बैठो ना जरा."

"घर पे पानी ठंडा हो रहा," काका म्हणाले.

बांगडीवाल्याने काकूंकडे पाहिलं. काकूंनी दुसरा हात पुढे केला.

"भरा तुम्ही. त्यांचं चालायचंच."

संध्याकाळी पाणी तापून लाल दिवा विझला तेव्हा आम्ही तिघं मीटरपाशी उभे राहिलो. मी आकडा वाचला, सकाळचा वजा केला. फरक आधीच्या गुरुवारपेक्षा कमी होता. फार नाही, पण कमी होता, आणि त्यात शंकेला जागा नव्हती.

काकांनी मला बाजूला केलं. शर्टाच्या टोकाने मीटरची काच पुसली आणि स्वतः वाचलं. हिशेब ओठांत केला. मला वाटलं होतं ते मीटरला दोष देतील, नाहीतर मला. त्यांनी शर्टाचं टोक नीट केलं.

"साहेब म्हणायचे, भट्टी गार पडू देऊ नका, आतल्या विटा तडकतील," ते म्हणाले. "विटा म्हणायचे. करंट वाचंल असं कुणी म्हणलंच नव्हतं. ते मी आपलं धरून चाललो."

आणि थोड्या वेळाने, कुणाला उद्देशून नाही असं:

"गिझरात विटा नसत्यात."

मी जिना चढायला लागलो. ते मागून आले. मधल्या पायरीवर थांबून, खाली काकू नाहीत हे पाहून त्यांनी मला विचारलं,

"पत्रकार, गार भट्टीपाशी माणसाला काय काम राहतंय?"

हा प्रश्न त्यांनी उत्तरासाठी विचारला नव्हता असं मला वाटतं. ते लगेच खाली गेले आणि नॉब बारीकवर आहे का ते पाहिलं. मग आठवून तो बंद केला.

हैदराबादला निघायच्या दिवशी घरात सकाळपासून आवराआवर चालली होती. काकूंनी फ्रिज रिकामा करून, बंद करून, त्याचं दार फडकं अडकवून उघडं ठेवलं. काका खोल्यांतून फिरत होते. गिझर त्यांनी सगळ्यांसमोर बंद केला, आणि काकूंनी "दिसला" असं म्हटलं.

दुपारी काकू किल्ली द्यायला वर आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या,

"दादा, गिझर मी परत चालू केलाय. बारीकवर. ह्यांला बोलू नका."

मी म्हणालो, "काकू, पैज तुम्ही जिंकलात."

"जिंकले म्हणून काय झालं? गाडीत ह्यांचा जीव थाऱ्यावर राहायचा नाय. लईच करायला लागले तर सांगीन कानात, चालू हाय म्हणून. थोडी वीज जळली तर जळू द्या. माणूस तर येतंय संगं."

त्या गेल्या. रिक्षा आली. सामान आत चढवणं चालू असताना काका ओट्यावरून मला खुणेने खाली बोलवत होते. मी उतरलो. मीटरशेजारी खालच्या मजल्याच्या मेन स्विचचा खटका होता. तो त्यांनी माझ्यासमोर खाली ओढला.

"मेनच पाडला," ते म्हणाले. "नायतर माझा मला भरोसा नाय. हरलो ते हरलो. तिला बोलू नका, म्हणंल नाटकं करतो. पण तुम्ही साक्षीला ऱ्हा."

आत, न्हाणीघरात, लाल दिवा गेला असणार. काकू रिक्षात बसल्या होत्या. माझ्याकडे दोन माणसांची दोन निवेदनं होती, दोन्ही गोपनीय, आणि दोन्ही एकत्र खरी असू शकत नव्हती. बातमी असती तर मी दोघांनाही फोन केला असता. रिक्षा निघाली तसा मी हात हलवला आणि वर गेलो.

त्या रात्री मी फाटकाच्या कडीकडे कान देऊन होतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर आलो. काका परत आले नव्हते. आठवड्याने लेकीचा फोन आला, मुलगा झाला. मागे काकांचा आवाज ऐकू येत होता. ते कुणाला तरी दुधाखालचा गॅस बारीक करायला सांगत होते. बारसं झालं. त्यानंतरही ते काही दिवस राहिले.

परतले ते सकाळच्या गाडीने. रिक्षा थांबली न थांबली तोच काका उडी मारून फाटकातून आत आले, सरळ मीटरपाशी गेले आणि मेन वर केला. वर गॅलरीत मला पाहून ओठांवर बोट ठेवलं. काकू मागून नातवाचे फोटो, पिशव्या आणि सीताफळांची टोपली घेऊन आल्या. मी खाली गेलो. काका कुलपाशी खटपट करत असताना काकू मला ओट्यावरच सांगायला लागल्या.

"जाताना जालन्यालाच उठले होते की, दादा. पिशवी खाली काढली. चपला घातल्या. मी म्हणलं, झालं फर्दापूर. मग कानात सांगितलं, बसा, गिझर चालू हाय, बारीकवर ठिवलाय मी. तर बसले गप! हैदराबाद येईस्तोर उठले नाय. पाय पसरून झोपले. एवढं सांगितलं न् कसं शांत झालं माणूस."

मी काकांकडे पाहिलं. त्यांची पाठ माझ्याकडे होती. कुलूप उघडलं होतं, तरी किल्ली फिरवणं चालूच होतं. आपण स्वतःच्या हाताने पाडलेला मेन जालन्याला त्यांना आठवत नसेल, हे शक्य नव्हतं. त्यांना काय ऐकून शांत वाटलं, हे मी त्यांना नंतरही कधी विचारलं नाही.

दार उघडलं. न्हाणीघरात लाल दिवा लागलेला होता. काकूंनी तो पाहिला, समाधानाने मान हलवली आणि हात धुवायला गिझरचा नळ सोडला.

पाणी गार होतं. काकूंनी हात नळाखाली तसाच धरला. पाणी येत राहिलं, गारच. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या मीटरच्या दिशेला, मग नवऱ्याकडे. काका पिशव्यांतून काहीतरी शोधत होते.

"लाईट गेली असंल," काकू म्हणाल्या.

"व्हय," काका म्हणाले. "गेली असंल."

मग काकूंनी माझ्याकडे वळून विचारलं, "दादा, लाईट गेली होती का हो?"

काका पिशवीत हात तसाच ठेवून माझ्याकडे बघत होते. लोडशेडिंगच्या तासांत टाकीतलं पाणी इतकं गार पडत नाही हे त्या दोन गुरुवारांमुळे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"जात होती, काकू," मी म्हणालो. "रोजच."

हे अचूक होतं.

"तरीच," काकू म्हणाल्या. त्यांनी नळ बंद केला, हात पदराला पुसला. "तापवा मग. पयल्यापासनं."

काकांनी नॉब फुलवर फिरवला. एरवी पाणी तापेपर्यंत ते न्हाणीघराच्या दारात उभे राहत, एक हात चौकटीवर. त्या दिवशी ते बाहेर आले. काकू ओट्याच्या कट्ट्यावर टोपलीतली सीताफळं दाबून बघत होत्या, कुठलं आज पिकेल, कुठलं उद्या. काका त्यांच्या शेजारी बसले आणि एक सीताफळ हातात घेतलं. दोन्ही गुडघे खाली होते.